करड्या पुठ्ठ्याआडून

ती. आत्या,

नमस्कार. तू बरी असशील. गुडघा बरा असेल. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. ही चार वाक्यं मी तुला एकोणीस वर्षं लिहीत आलो आहे आणि तूही उत्तरात हीच लिहीत आली आहेस (फक्त गुडघ्याच्या जागी माझं पोट). या वेळी लिहिताना हात अडखळला. आमच्या कचेरीत दोन महिने असल्या वाक्यांना बंदी होती. ती घरच्या पत्रांवरूनही उठली की नाही, हे परिपत्रकात स्पष्ट नाही. मी ते दोनदा वाचलं. तेव्हा सावधगिरी म्हणून विचारतो: गुडघा खरोखर कसा आहे? आणि डावा की उजवा? एवढ्या वर्षांत हे मी कधी विचारलेलंच नाही, असं आत्ता ध्यानात आलं.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. सांगितलंही. दर रविवारी दहा वाजता सांगतो. मागे एका रविवारी मी म्हणालो की माझी तपासणीच्या खोलीतून कोठीत बदली होणार, एकोणीस वर्षांचं काम हातचं जाणार. तू म्हणालीस, "हो हो, छान. तब्येतीला जप." पुढच्या रविवारी कमरेत उसण भरली होती, तीही छान होती. आणि चार महिन्यांपूर्वी मी तुला विचारलं की आता एकटी राहू नकोस, इकडे आमच्याकडे राहायला येतेस का. तेव्हाही हो हो, छान. आम्ही मागची खोली रिकामी केली, कॉट टाकली, खिडकीला नवी कडी बसवली. तू आली नाहीस. का आली नाहीस तेही बोलली नाहीस. (त्याबद्दल हे पत्र नाही. कॉट राहू दे.) पत्राचं कारण वेगळं आहे. मला माणसांशी बोलता येत नाही असं कचेरीत ठरलं, आणि त्यापायी पुष्कळ गोंधळ झाला, आणि तो गोंधळ नीट समजावून देईल असं माणूस मला तुझ्याशिवाय ठाऊक नाही.

तू सव्वीस वर्षं बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत बसलीस. काचेला अर्धगोल भोक, डोक्यावर भोंगा. माणसं गाडीची वेळ विचारायला त्या भोकाशी वाकायची आणि घरातली भांडणं सांगून ताठ व्हायची. शाळा सुटली की मी तुझ्यामागे स्टुलावर बसून गणितं करायचो. भोंगा वाजला की माझी पेन्सिल उडायची. तू मान वर करायची नाहीस. तुला मी हवेबद्दल बोलताना कधी ऐकलं नाही. एकदा एका गृहस्थांना तू म्हणालीस, "पाच दहाची आहे. पण तुम्हाला जायचं नाहीये." ते तिथंच आपल्या बॅगेवर बसले. पाच दहाची गेली. सहाचीही गेली. मग ते उठले, तुला मान लववली आणि चालत घरी गेले. मी गणित सोडून पाहत होतो. हे तू कसं केलंस, हे विचारायचं तेव्हा राहिलं. गणितही चुकलं.

माझं काम तुला ठाऊक आहे असं मी धरून चालतो, पण फोनचा एकूण अनुभव पाहता पुन्हा सांगतो. मी कान तपासतो. खोलीला खिडकी नाही. भिंतींना फोम, दार वीतभर जाड. आत आलं की स्वतःचं गिळणं ऐकू येतं. समोर खुर्चीत माणूस बसतो. माझ्या हातात एक करडा पुठ्ठा असतो, तो तोंडासमोर धरायचा, म्हणजे समोरच्याला ओठ वाचून वेळ मारून नेता येत नाही. मग यादीतली वीस वाक्यं एका सुरात म्हणायची. आज ऊन जरा कमी आहे. आमची गाडी उशिरा आली. दार लोटून घ्या. त्यानं ऐकू आलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणायचं. म्हटलं की मी खूण करतो. परत म्हणण्याऐवजी उत्तर दिलं तर शून्य. हा नियम कडक आहे. दार लोटून घ्या म्हटल्यावर उठून दार लावणारे बरेच निघतात, त्यांना शून्य. एक म्हातारे सुतार होते. गाडी उशिरा आली असं मी म्हटल्यावर ते काळजीनं म्हणाले की मग जेवणाचं काय केलंत. शून्य. वीसच्या वीस वाक्यांना त्यांनी अशीच उत्तरं दिली. कागदावर ते ठार बहिरे निघाले. (त्यांच्या सुनेनं दुसरीकडे तपासून घेतलं. कान चोख होते.) हिशेबानं पाहिलं तर बिनखिडकीच्या खोलीत बसून, ऊन जरा कमी आहे असं मी पन्नासेक हजार वेळा म्हणालो असेन.

सवयी लागतात. जेवताना मला ताटात काही कमीजास्त विचारायचं असलं की मी ताटली तोंडासमोर धरतो. विचारतो आणि थांबतो. बायको सुरुवातीला उत्तर द्यायची, तर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. आता ती माझं वाक्य जसंच्या तसं परत म्हणते आणि जेवू लागते. मी मनात खूण करतो. आमचं बरं चाललं होतं. एकदाच ती म्हणाली, "तुम्ही माणसाला काही विचारत नाही. तपासता." मी ते परत म्हणून दाखवलं. (तिनं दोन दिवस ताटली लपवून ठेवली.)

अशात नवे साहेब आले. आधी ते गाद्यांच्या कंपनीत होते. कानांशी त्यांचा संबंध नव्हता, असं आम्हाला वाटलं. दर आठवड्याला एक उपक्रम काढतात म्हणून आम्ही त्यांना उपक्रम म्हणतो. त्यांनी परिपत्रक काढलं की कचेरीतल्या ठरीव गप्पा बंद. हवा, रहदारी, तब्येत, सुट्टी आणि 'काय म्हणता' हे पाचही विषय बंद. माणसं एकमेकांशी खरं बोलत नाहीत, आणि ज्या संस्थेचा धंदाच ऐकण्याचा आहे तिथं हे शोभत नाही. त्याऐवजी प्रत्येकाला चाळीस कार्डं दिली. प्रत्येकावर एक खोल प्रश्न. नियम असा की आधी कार्ड समोरच्याला दाखवायचं, मग त्याच्या हातात द्यायचं, मग त्यानं उजेडात उभं राहून, समोर तोंड करून, सावकाश उत्तर द्यायचं, आणि मध्ये कोणी बोलायचं नाही. (हा नियम तू जरा लक्षात ठेव. मी ठेवला नाही. माझा धंदा कान तपासण्याचा आहे आणि मी ठेवला नाही.)

पहिल्या आठवड्यात कचेरीची दशा झाली. आमचा साचेवाला लोकांच्या कानात मऊ पदार्थ भरून ऐकण्याच्या यंत्राचे साचे घेतो. तो भरेपर्यंत मुकाट असायचा आणि भरल्यावर दोन शब्द हवेबद्दल बोलायचा, ते कोणाला ऐकू जायचे नाहीत आणि कोणाचं काही बिघडायचं नाही. आता तो दोन्ही कान बुजलेल्या माणसाला विचारू लागला की तुमच्या आयुष्यात काय राहून गेलं. नोंदणीच्या बाईंनी मला अकरावं कार्ड दिलं: तुम्ही कोणाला माफ केलेलं नाही? मी म्हणालो, असं कोणी नाही. मग मी तेच कार्ड त्यांना दिलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला." सहा वर्षांपूर्वी रंगकाम झालं तेव्हा खुर्च्यांची अदलाबदल झाली आणि त्यांची चांगली खुर्ची माझ्या खोलीत गेली. मला ती माझीच वाटत होती. सहा वर्षं त्या मला रोज सकाळी 'काय म्हणता' म्हणत होत्या, आणि मनात हे होतं. मी खुर्ची परत केली. त्यांची जुनी माझ्याकडे आली. तिच्यावर बसलं की ती आपोआप खाली खाली जाते. दहा मिनिटांत हनुवटी टेबलाला लागते.

साहेबांनी स्वतः मला सातवं कार्ड दिलं: तुम्हाला कशाची भीती वाटते? आत्या, मी खरं उत्तर दिलं. एवढं मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी म्हणालो की मला भीती वाटते ती घरी गेल्यावर आपल्याकडे बोलायला काही नसण्याची. की माझ्यापाशी वीसच वाक्यं आहेत, आणि तीही संस्थेची. चारेक मिनिटं बोललो. साहेब माझ्या कपाळाकडे पाहत होते, मग डोळ्यांकडे, मग पुन्हा कपाळाकडे. शेवटी म्हणाले, "तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवता आहात." मला ते फार लागलं. घरी बायकोला घडलं तसं करून दाखवलं तेव्हा तिनं माझ्या हाताकडे बोट दाखवलं. हातात कार्ड आलं की मी ते तोंडासमोर धरतो. चारही मिनिटं मी कार्डाआडून बोललो होतो. मी ठरवलं, यापुढे हात खिशात. पण साहेबांचं ठरून गेलं होतं. माझ्यात संवादाची वृत्ती नाही. कान तपासणाऱ्यांचं वार्षिक संमेलन होतं, तिथं जायचं आणि तीन खऱ्या संभाषणांचे तीन फॉर्म भरून आणायचे. नाही आणले तर तपासणीची खोली सोडायची आणि कोठीत बसायचं. कोठीत यंत्रांच्या बॅटऱ्या असतात. त्यांच्याशी कोणी बोलत नाही, तेव्हा तिथं वृत्ती लागत नाही.

संमेलनाला मोठा हॉल होता, दोनेकशे माणसं. फॉर्मवर तीन रकाने: कोणाशी, कोणता प्रश्न, काय कळलं. मी एकटं उभं असलेलं माणूस शोधलं. एक गृहस्थ खांबाशी उभे राहून वर पाहत होते, चेहरा चिंतेचा. मी त्यांना एकोणिसावं कार्ड दिलं: तुमचं नेमकं काय बिघडलं असं तुम्हाला वाटतं? ते म्हणाले, डाव्या बाजूचं. आतून तुटलं आहे, बाहेरून दिसत नाही. मला भरून आलं. मी विचारलं, कधीपासून. ते म्हणाले, सकाळी लावलं तेव्हा चालू होतं. ते लाउडस्पीकरवाले होते. पहिल्या फॉर्मात मी तसंच लिहिलं. दुसरे एक बॅटऱ्यांचे विक्रेते भेटले. मी कार्ड काढायच्या आत त्यांनी काढलं. त्यांच्याही साहेबांनी त्यांना पाठवलं होतं, त्यांनाही तीन फॉर्म होते. आम्ही एकमेकांच्या हातात कार्डं दिली आणि समोरचा आधी उत्तर देईल म्हणून थांबलो. नियमाप्रमाणे मध्ये कोणी बोलायचं नव्हतं. जेवणाची घंटा होईपर्यंत आम्ही उभे होतो. जाताना ते म्हणाले की फार बरं वाटलं.

तिसरं मात्र वेगळं झालं, आणि ते काय होतं हे मला अजून कळलेलं नाही. जेवणाच्या वेळी मी एका उंच टेबलाशी उभा होतो. समोर एक बाई होत्या, पन्नाशीच्या. मी म्हणालो, आज ऊन जरा कमी आहे. (बंदी होती. पण कार्डं मी खुर्चीवर विसरलो होतो.) बोलताना माझी ताटली वर गेली होती. बाईंनी आपली ताटली तोंडासमोर धरली आणि ताटलीआडून म्हणाल्या, आज ऊन जरा कमी आहे. सुरावरूनच कळलं. त्याही कान तपासतात. मी मनात खूण केली. मग त्यांनी एक म्हटलं: टेबलावर दोन वह्या आहेत. ते आमच्या यादीत नाही. त्यांची यादी वेगळी. मी परत म्हटलं. मग माझं एक, मग त्यांचं एक. दोन ताटल्यांमागून दोन माणसं. आजूबाजूला सगळे खोल बोलत होते. मला एवढं मोकळं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. आठ-दहा वाक्यं झाल्यावर त्या त्याच सुरात, त्याच पट्टीत म्हणाल्या, "माझी आई मला ओळखत नाही."

आत्या, हे त्यांच्या यादीतलं की त्यांचं, हे मला कसं कळावं? सूर तोच होता. ताटलीच्या वर फक्त डोळे दिसत होते. यादीतलं नसेल तर उत्तर द्यायला हवं होतं. असेल तर उत्तर म्हणजे शून्य. मी तेवढ्या वेळात ते दोन-तीनदा उलटसुलट करून पाहिलं. शेवटी मला जे येतं तेच केलं. मी म्हणालो, "तुमची आई तुम्हाला ओळखत नाही." दोन शब्द मी बदलले. चाचणीत हे चूक धरतात. बाईंनी ताटली खाली ठेवली. बराच वेळ त्या ताटलीकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "बरोबर." आणि निघून गेल्या. नाव विचारायचं राहिलं. तिसऱ्या फॉर्मात काय कळलं या रकान्यात मी लिहिलं: नोंद करता येत नाही. बायको म्हणाली, त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिही, फॉर्म होईल, खोली वाचेल. ते खरं होतं. पण ते कोणा साहेबांनी वाचावं म्हणून त्या ताटलीमागून बोलल्या नव्हत्या. (तुला सांगतो, कारण खिडकीशी सांगितलेलं तू कधी घरी आणलं नाहीस.)

शुक्रवारी दुपारी तीनला साहेब स्वतः माझ्या खोलीत आले. तपासायला येणारे बसतात त्या खुर्चीत बसले, मांडीवर तीन फॉर्म. दार लावलं. मी नोंदणीच्या बाईंच्या जुन्या खुर्चीत बसलो होतो आणि हळूहळू खाली चाललो होतो. हात खिशात. साहेबांनी फॉर्म वाचले आणि म्हणाले, तुम्ही एकाचंही ऐकलेलं दिसत नाही, सोमवारपासून कोठी. मी तोंड उघडलं आणि दिवे गेले. त्या खोलीत दिवे गेले म्हणजे काय होतं ते तुला सांगायला हवं. काही उरत नाही. पंखा थांबतो, तेव्हा आवाजही उरत नाही. दार चाचपडून सापडत नाही. आणि मला, आत्या, अंधारात बोलता आलं. पुठ्ठा नाही, कार्ड नाही, हात कुठं आहेत हे मलाच दिसत नव्हतं. मी संमेलनातल्या त्या बाईंचं सोडून सगळं सांगितलं. सुतारांचं, तुझ्या खिडकीचं, मागच्या खोलीतल्या कॉटचं. या खोलीखेरीज मला जगात काही येत नाही, हेही सांगितलं. मग विचारलं, साहेब, बदली रद्द होईल का?

अंधारातून साहेब म्हणाले, "हो हो, छान. चालू ठेवा."

मला आनंद झाला. क्षणभरच. मग तो आनंद कुठंतरी अडकला. मी म्हणालो, साहेब, माझ्या कमरेत उसण भरली आहे. साहेब म्हणाले, हो हो, छान. मग मी माझ्या नेहमीच्या सुरात, नेहमीच्या पट्टीत म्हणालो, आज ऊन जरा कमी आहे. साहेब म्हणाले, उत्तम. एकोणीस वर्षांत त्या खुर्चीत बसून लोकांनी ते वाक्य परत म्हटलं आहे, त्यावर वाद घातला आहे, एकीनं तर छत्री आठवून हळहळ केली. उत्तम कोणी म्हणालं नव्हतं. दिवे आले. साहेब माझ्या तोंडाकडे पाहत होते, पुरात माणूस काठाकडे पाहतो तसं. मी टेबलावरचा करडा पुठ्ठा उचलला, तोंडासमोर धरला आणि म्हणालो, दार लोटून घ्या. साहेब काही बोलले नाहीत. मी पुठ्ठा खाली ठेवला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पण या वेळी आवाजच काढला नाही. नुसते ओठ हलवले.

"दार लोटून घ्या," साहेब म्हणाले.

माझी खुर्ची तोवर तळाला लागली होती. साहेबांनी विचारलं, बाहेर कोणाला माहीत आहे का. मी नाही म्हणालो, माझे ओठ त्यांना नीट दिसतील असे. मग त्यांनी सांगितलं. गाद्यांच्या कंपनीतच सुरू झालं होतं. माणसं ठरीव गप्पा कशा मारतात हे त्यांनी मला समजावून दिलं, मला कोणी इतकं नीट कधी समजावलं नव्हतं. चालता चालता मारतात. पाठ करून, पेल्यात तोंड घालून, तिघं एकदम. वाक्य अर्धवट सोडतात, कारण पुढचं सगळ्यांना ठाऊक असतं. सगळे हसले की साहेब हसायचे, एक क्षण उशिरा. तो एक क्षण लोकांच्या लक्षात येऊ लागला. पण कोणाला काही खोल विचारलं तर माणूस थांबतो, वळतो, सावकाश बोलतो, तोंड समोर ठेवून. म्हणून कार्डं. चार वर्षांत त्यांना जे काही ऐकू आलं, ते सगळं खोल होतं. आणि कान तपासणाऱ्या संस्थेच्या प्रमुखानं कान तपासायला कोणाकडे जावं? कचेरीत फक्त मीच तोंड झाकून बोलायचो, म्हणून मी त्यांना सगळ्यांत लबाड वाटलो होतो.

शनिवारी दुपारी कचेरी सुटल्यावर साचेवाल्यानं साचा घेतला. (त्याला सांगावं लागलं. त्यानं कान भरल्यावर काही विचारलं नाही. हवेबद्दलही बोलला नाही.) पुढच्या आठवड्यात यंत्र बसलं, वर केस सोडले. त्या सकाळी फाटकावरचा पहारेकरी सवयीनं, बंदी विसरून, पाठमोरा म्हणाला की आज ऊन जरा कमी आहे. साहेब दोन पावलं पुढं गेले होते. परत आले. त्याला म्हणाले, पुन्हा म्हणा. पहारेकरी घाबरला, म्हणाला, चूक झाली. साहेब म्हणाले, नाही, तेच म्हणा. त्यानं म्हटलं. साहेब आत आले आणि अर्धा तास दार लावून बसले. दुपारी नवं परिपत्रक निघालं. ठरीव गप्पांवरची बंदी उठली, इतकंच नव्हे, रोज सकाळी दहा मिनिटं त्या मारायच्या आहेत, साहेबांच्या दारासमोरच्या जागेत. आता आम्ही सगळे तिथं उभे राहतो आणि काय बोलावं ते सुचत नाही. दोन महिन्यांत विसरलो. नोंदणीच्या बाई म्हणतात, ऊन. साचेवाला म्हणतो, ऊन. मी मनात खूण करतो. साहेब आतून ऐकत असतात.

एवढं सगळं झालं. यातून मी माणसांशी बोलायला शिकलो की नाही, हे मला सांगता येत नाही. खोल प्रश्नांनी मला एक वाईट खुर्ची मिळाली. उथळ वाक्यांनी काय मिळालं ते वर लिहिलं आहे. तू काहीतरी उलगडून सांगशील अशा आशेनं थांबतो. घरात थोरली तू एकटीच, तेव्हा नमस्कार तुलाच, आणि गुडघ्यालाही.

तुझा,
स्टुलावरचा

ता. क. बदली रद्द झाली, हे सांगायचं राहिलं. आदेशात कारण दिलं आहे: उत्तम संवादकौशल्य. आदेश घडी करून मी खुर्चीच्या एका पायाखाली घातला आहे. तरी ती खाली जातेच.

ता. क. दुसरा. अंधारात साहेब हो हो, छान म्हणाले, ते मी आधी कुठं ऐकलं होतं हे मला लगेच आठवलं नाही. दोन दिवस लागले. रविवारी दहाला आठवलं, तुझ्याशी फोनवर बोलताना. सव्वीस वर्षं तुझ्या डोक्यावर भोंगा होता. मी मागे बसून पेन्सिल उचलत होतो. एकोणीस वर्षं मी परक्यांचे कान तपासतो आणि तुझं मी धरून चाललो की तू मला कंटाळली आहेस. चार महिने मनात रागही होता, तो आता लिहून टाकतो. तर येत्या रविवारी दहाला मी फोन करीन. एकच वाक्य म्हणेन, हळू, समोर तोंड करून (फोनमध्ये ते दिसणार नाही, पण मी करीन). जेवढं ऐकू येईल तेवढं परत म्हण. वाक्य यादीतलं नाही, माझं आहे. ते इथं मुद्दामच लिहीत नाही. आधी कळलं तर चाचणी बाद होते.

ता. क. तिसरा. पत्र पाकिटात घालण्याआधी बायकोनं वाचलं. तिनं वरच्या दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलं. कॉटच्या जरासं आधी पाहा. वाक्य मी तिथं अख्खं लिहून बसलो आहे. म्हणजे चाचणी बाद. आता खोडाखोड करत नाही. तेव्हा रविवारी परत म्हणू नकोस, आत्या. उत्तर दे.